स्टोअर्ड प्रोसीजरमधल्या एरर: पकडायच्या कशा, वर कळवायच्या कशा

एसक्यूएल सर्व्हरवर नव्याने स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलावता येणारा आज्ञांचा संच) लिहू लागलेल्या बहुतेकांची एक समजूत असते: बिगिन ट्रान (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र व्हायचा व्यवहार, सुरू करणं) आणि कमिट (तो पक्का करणं) यांच्यामध्ये काही बिघडलं तर सगळं आपोआप मागे जातं. तसं दर वेळी होत नाही. कधी होतं आणि कधी नाही, याचे नियम इतके तिरपागडे आहेत की ते पाठ करण्यापेक्षा एक साचा हाताला बसवून घेतलेला बरा. हा लेख त्या साच्याबद्दल आहे. प्रोसीजरकडून दोनच गोष्टी हव्या असतात. अर्धवट झालेलं काम पुसून टाकायचं, आणि काय बिघडलं ते जसंच्या तसं बोलावणाऱ्याला कळवायचं. बाकी सगळं या दोन गोष्टी नीट व्हाव्यात म्हणून.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. सरावाला एसक्यूएल सर्व्हरची मोफत डेव्हलपर किंवा एक्सप्रेस आवृत्ती आणि मॅनेजमेंट स्टुडिओ एवढं पुरे.

पायरी १: आधी मुद्दाम बिघडवून बघा

'खाते' नावाचं एक टेबल करा. त्यात दोन कॉलम: खाते_क्र ही प्रायमरी की (प्रत्येक रांगेची ओळख, दोनदा येऊ न शकणारी), आणि शिल्लक हा डेसिमल(१२,२). शिल्लकीवर एक चेक कन्स्ट्रेंट लावा, ती शून्याच्या खाली जाता कामा नये. दोन रांगा भरा: खाते १०१ मध्ये ३०००, खाते १०२ मध्ये १०००. आता हे चालवा:

```
बिगिन ट्रान;
अपडेट खाते सेट शिल्लक = शिल्लक + ५००० व्हेअर खाते_क्र = १०२;
अपडेट खाते सेट शिल्लक = शिल्लक - ५००० व्हेअर खाते_क्र = १०१;
कमिट;
```

लाल अक्षरांत एरर ५४७ येईल: चेक कन्स्ट्रेंटशी विसंगत, स्टेटमेंट रद्द. ते बरोबरच आहे, १०१ मध्ये तीनच हजार होते. आता टेबल सिलेक्ट करून बघा. १०१ मध्ये ३००० जागच्या जागी आहेत आणि १०२ मध्ये ६००० झालेत. पाच हजार हवेतून आले आणि ते कमिटही झाले.

झालं काय, तर ५४७ ही एरर फक्त ते एक स्टेटमेंट मारते. सर्व्हर पुढच्या ओळीवर जातो, पुढची ओळ कमिट आहे, तीही तो इमानदारीत पाळतो. शून्याने भागल्यावर येणारी ८१३४, प्रायमरी की दुसऱ्यांदा घातल्यावर येणारी २६२७, नल (रिकामी किंमत) चालत नाही तिथे नल गेल्यावर येणारी ५१५ या सगळ्यांची जातकुळी तीच. याउलट अक्षरांचा आकडा करता आला नाही म्हणून येणारी २४५ अख्खी बॅच (एकदम पाठवलेल्या आज्ञांचा गठ्ठा) थांबवते आणि ट्रान्झॅक्शनही मागे नेते. टेबलच सापडलं नाही तर येणाऱ्या २०८ची तऱ्हा तिसरीच: ती प्रोसीजर तिथेच सोडून देते, पण ट्रान्झॅक्शन उघडं ठेवते. यामागे काही तत्त्व असेल म्हणून शोधत बसू नका, जुन्या काळापासून साचत आलेला प्रकार आहे तो.

पायरी २: एक्सॅक्ट_अबॉर्ट चालू करा

वरच्याच स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ घाला:

```
सेट एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन;
```

शिल्लक पूर्ववत करून पुन्हा चालवा. ५४७ येईलच, पण या वेळी ट्रान्झॅक्शन मागे जाईल, बॅच तिथेच थांबेल, आणि १०२ मध्ये १००० च राहतील. प्रोसीजरमध्ये ही सेटिंग मुळात बंद असते. ट्रिगरमध्ये (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ती आपसूक चालू असते, पण त्याचा आपल्याला इथे उपयोग नाही. म्हणून प्रत्येक प्रोसीजरची पहिली ओळ ठरलेली ठेवा: सेट नोकाउंट, एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन. दोन्ही एका ओळीत चालतात. नोकाउंटमुळे 'इतक्या रांगा बदलल्या' हे निरोप बंद होतात, त्यांचा ॲप्लिकेशनला बहुधा त्रासच असतो.

एवढ्याने निम्म्याहून जास्त काम होतं. पण एररची नोंद ठेवायची असेल, एखाद्या ठरावीक एररला वेगळं उत्तर द्यायचं असेल, तर ट्राय-कॅच लागतो: ट्रायमध्ये काम, आणि तिथे एरर आली की उडी कॅचमध्ये.

पायरी ३: ट्राय-कॅचचा साचा

ट्राय-कॅच एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५च्या आवृत्तीत आला. त्याआधी प्रत्येक स्टेटमेंटनंतर @@एरर (नुकत्याच झालेल्या स्टेटमेंटचा एरर क्रमांक) तपासावं लागायचं, आणि ते प्रत्येक स्टेटमेंटगणिक बदलत असल्यामुळे मध्ये एक प्रिंट जरी घातलं तरी मूळ क्रमांक गेला. जुन्या प्रोसीजरमध्ये दर दोन ओळींनंतर 'इफ @@एरर <> ० गोटू' दिसलं तर ते त्या काळचं समजा. नवीन कोडमध्ये ते लिहायचं कारण उरलेलं नाही.

साचा असा:

```
क्रिएट ऑर ऑल्टर प्रोसीजर डीबीओ.रक्कम_वळती
    @देणारे इंट, @घेणारे इंट, @रक्कम डेसिमल(१२,२)
ॲज
सेट नोकाउंट, एक्सॅक्ट_अबॉर्ट ऑन;
बिगिन ट्राय
    बिगिन ट्रान;
    -- इथे खरं काम
    कमिट ट्रान;
एंड ट्राय
बिगिन कॅच
    इफ @@ट्रानकाउंट > ० रोलबॅक ट्रान;
    थ्रो;
एंड कॅच
```

कॅचमध्ये दोनच ओळी आहेत आणि दोन्ही मोलाच्या आहेत.

पहिली ओळ ट्रान्झॅक्शन मागे नेते. @@ट्रानकाउंट म्हणजे किती बिगिन ट्रान उघडे आहेत तो आकडा. तो तपासायचं कारण, एरर बिगिन ट्रानच्या आधीही येऊ शकते. उघडं ट्रान्झॅक्शन नसताना रोलबॅक केलं तर सर्व्हर ३९०३ ही वेगळीच एरर देतो आणि मूळ एरर बाजूला पडते. एक्सॅक्ट_अबॉर्ट चालू असताना कॅचमध्ये पोचलेलं ट्रान्झॅक्शन बहुतेक वेळा निकालात निघालेलं असतं. एक्सॅक्ट_स्टेट() विचारलं तर उत्तर -१ येतं, म्हणजे वाचता येईल, पण लिहिता येणार नाही आणि कमिटही करता येणार नाही. तरीही काही लिहायला गेलात तर ३९३०. तेव्हा कॅचमध्ये आधी रोलबॅक, मग बाकी काय ते.

दुसरी ओळ, नुसतं थ्रो, आलेली एरर तिचा क्रमांक, मेसेज आणि ओळ यांसकट पुढे पाठवते. ती विसरली की प्रोसीजर एरर गिळून बसते, ॲप्लिकेशनला वाटतं सगळं सुरळीत झालं, आणि काउंटरवरचा माणूस ग्राहकाला पावती देऊन मोकळा होतो. रिकामा कॅच ब्लॉक माझ्या हिशेबी कोडमधला सर्वांत महागडा प्रकार आहे, कारण तो सापडतो तोवर हिशेबाचे कित्येक दिवस उलटून गेलेले असतात.

आता इथला खड्डा. थ्रोच्या आधीच्या स्टेटमेंटला अर्धविराम असलाच पाहिजे. एसक्यूएल सर्व्हर एरवी अर्धविरामाबाबत ढिला असल्यामुळे सवय नसते. वरच्या साच्यात 'रोलबॅक ट्रान' नंतरचा अर्धविराम काढला आणि खालच्या ओळीवर थ्रो राहिलं, तर सर्व्हर दोन्ही ओळी जोडून वाचतो: 'थ्रो' नावाच्या सेव्हपॉइंटपर्यंत (ट्रान्झॅक्शनमध्ये मध्येच केलेल्या खुणेपर्यंत) मागे जा. प्रोसीजर विनातक्रार तयार होते. चालवताना ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर मूळ एररऐवजी भलतीच एरर हाती येते. ट्रान्झॅक्शन उघडं नसेल तर आणखी वाईट, कारण इफची अट खोटी ठरते, दोन्ही ओळी वगळल्या जातात आणि एरर गडप. म्हणून काही जण ';थ्रो' असं अर्धविराम पुढे चिकटवूनच लिहितात. दिसायला विचित्र आहे, पण चुकायला जागा ठेवत नाही.

एंड ट्राय आणि बिगिन कॅच यांच्यामध्ये काहीही घालता येत नाही, आणि दोन्ही एकाच बॅचमध्ये असावे लागतात. मध्ये 'गो' (इथे बॅच संपली, असं एडिटरला सांगणारी ओळ) आलं की संपलं.

पायरी ४: सर्व्हरला न कळणाऱ्या चुका तुम्ही सांगा

खाते क्रमांक ९९९ अस्तित्वात नाही. त्यात पैसे जमा करायचं अपडेट चालवा. काय होईल? काहीच नाही. शून्य रांगा बदलल्या, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ती एरर नाही. मात्र देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेलेली आहे, आणि ट्राय-कॅच, एक्सॅक्ट_अबॉर्ट सगळं जागेवर असूनही कमिट होतं. नवख्यांच्या प्रोसीजरमध्ये ही जागा हमखास उघडी राहिलेली असते. त्यामुळे 'खरं काम' असं लिहिलं होतं तिथे हे यायला हवं:

```
बिगिन ट्राय
    इफ @रक्कम इज नल ऑर @रक्कम <= ०
        थ्रो ५०१०१, एन'रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी.', १;

    डिक्लेअर @रांगा इंट, @संदेश एनव्हारचार(२०४८);

    बिगिन ट्रान;

    अपडेट खाते सेट शिल्लक = शिल्लक - @रक्कम
    व्हेअर खाते_क्र = @देणारे;
    सेट @रांगा = @@रोकाउंट;
    इफ @रांगा <> १
    बिगिन
        सेट @संदेश = कॉन्कॅट(एन'खाते ', @देणारे, एन' सापडलं नाही.');
        थ्रो ५०१०२, @संदेश, १;
    एंड

    -- घेणाऱ्याच्या खात्यासाठी हेच, बेरीज करून

    कमिट ट्रान;
एंड ट्राय
```

@@रोकाउंट (किती रांगा बदलल्या तो आकडा) लगेच व्हेरिएबलमध्ये घेतलंय, कारण पुढच्या स्टेटमेंटबरोबर ते बदलतं. इफ लिहिलं तरी बदलतं. रकमेची तपासणी ट्रान्झॅक्शन उघडण्याआधी केली, कारण जे आधीच कळतं त्यासाठी लॉक (इतरांना त्या रांगांपासून रोखणारं कुलूप) धरून बसण्यात अर्थ नाही. शिल्लक पुरेशी आहे का, हे मात्र आधी सिलेक्टने तपासलेलं नाही. ते काम चेक कन्स्ट्रेंटवर सोडलंय. तपासणी आणि अपडेट यांच्यामध्ये दुसऱ्या खिडकीवरून कुणी पैसे काढले तर तपासणी फुकट जाते, कन्स्ट्रेंट जात नाही.

थ्रोला तीन गोष्टी द्यायच्या: क्रमांक, मेसेज, स्टेट. क्रमांक ५०००० किंवा त्याहून मोठा हवा, त्याखालचे सर्व्हरचे स्वतःचे. नेमके ५०००० वापरू नका, कारण जुनं रेजएरर (थ्रोच्या आधीची एरर फेकायची आज्ञा, त्याबद्दल पुढे) नुसता मजकूर दिला की तोच क्रमांक लावतं, मग कुठली एरर कुणाची ते कळत नाही. प्रत्येक विभागाला शंभराचा एक गट वाटून द्या, म्हणजे रक्कम वळती करण्याला ५०१०० ते ५०१९९, कर्जखात्याला पुढचा गट, आणि ही वाटणी एका फाइलमध्ये लिहून ती कोडबरोबरच ठेवा. ॲप्लिकेशनने निर्णय नेहमी क्रमांकावरून घ्यावा. मेसेजचा मजकूर ताडून बघणारा कोड मेसेजमधलं एक शुद्धलेखन सुधारलं की मोडतो. स्टेट ० ते २५५ मधला कुठलाही आकडा चालतो. एकच क्रमांक प्रोसीजरमध्ये दोन ठिकाणांहून फेकत असाल तर स्टेट १ आणि २ देऊन जागा ओळखता येते. थ्रोने फेकलेल्या नव्या एररची सिव्हिअरिटी (गंभीरता दाखवणारा आकडा) कायम १६ असते, ती बदलता येत नाही.

मेसेजच्या जागी थेट कॉन्कॅट लिहिता येत नाही. तयार मजकूर किंवा व्हेरिएबल हवं, म्हणून वरची @संदेशची उठाठेव. आणि मजकुरात टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहायचं.

मराठी मेसेज देणाऱ्यांनी अवतरणचिन्हाआधीचं ते 'एन' अक्षर विसरू नये. ते नसेल तर सर्व्हर मजकूर साध्या व्हारचारमध्ये घेतो, त्याच्या नेहमीच्या कोडपेजात (अक्षरांच्या ठरावीक संचात) देवनागरी बसत नाही, आणि 'खाते सापडलं नाही' ऐवजी वापरणाऱ्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसते. @संदेश हे व्हेरिएबल व्हारचार ठेवलं तरी परिणाम तोच. २०१९च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशन (अक्षरं साठवायच्या आणि ताडायच्या नियमांचे संच) आली आहेत, ती डेटाबेसला लावली असतील तर व्हारचारमध्येही मराठी टिकतं. पण तुमची प्रोसीजर उद्या कुठल्या डेटाबेसवर जाईल सांगता येत नाही, एन लावायला काही पैसे पडत नाहीत.

रेजएररचं काय करायचं?

थ्रो २०१२च्या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या सगळ्या कोडमध्ये रेजएरर आहे, त्यामुळे ते वाचता यायलाच हवं. टाइप करताना लक्षात ठेवा, मधल्या दोन 'ई' पैकी एक गायब आहे.

रेजएररला मजकूर, सिव्हिअरिटी आणि स्टेट द्यायची. सिव्हिअरिटी १० किंवा कमी असेल तर ती एररच नाही, नुसता निरोप. कॅचकडे उडी पडत नाही. ११ ते १९ असेल तर पडते. २० पासून पुढे कनेक्शनच तुटतं, तिकडे फिरकूच नका. सर्वांत फसवी गोष्ट अशी की ट्राय ब्लॉक नसेल तर रेजएरर प्रोसीजर थांबवत नाही. लाल मेसेज जातो आणि पुढची ओळ निवांत चालते. म्हणून जुन्या कोडमध्ये रेजएररच्या पाठोपाठ रिटर्न असतं, आणि ते नसेल तर ती जागा संशयास्पद समजायची. रेजएरर एक्सॅक्ट_अबॉर्टलाही जुमानत नाही. कॅचमध्ये एरर पुढे पाठवायला ते वापरलं, तर मूळ २६२७ चं ५०००० होतं आणि ओळ क्रमांक कॅचमधला लागतो.

एका कामाला मात्र ते अजून उत्तम आहे. लांबलचक प्रोसीजर कुठवर आली ते बघायचं असेल तर सिव्हिअरिटी ० देऊन शेवटी 'विथ नोवेट' लावा, निरोप तत्क्षणी दिसतो. प्रिंटचे निरोप साचून राहतात आणि एकदम येतात.

दुसऱ्या डेटाबेसवरून आलेल्यांसाठी: मायएसक्यूएलमध्ये हेच काम 'सिग्नल एसक्यूएलस्टेट' आणि ४५००० हा कोड करतो, पोस्टग्रेसमध्ये 'रेज एक्सेप्शन', ओरॅकलमध्ये 'रेज_ॲप्लिकेशन_एरर' आणि -२०००० ते -२०९९९ हे क्रमांक. ट्रान्झॅक्शनचं वागणं मात्र तिन्हीकडे वेगळं आहे, इथला साचा तिकडे नेऊ नका.

पायरी ५: नोंद ठेवा, पण रोलबॅकनंतर

कॅचच्या आत सहा फंक्शन मिळतात: एरर_नंबर(), एरर_मेसेज(), एरर_लाइन(), एरर_प्रोसीजर(), एरर_सिव्हिअरिटी() आणि एरर_स्टेट(). कॅचबाहेर ती नल देतात. कॅचमधून दुसरी प्रोसीजर बोलावली तर तिच्यातही ती चालतात, त्यामुळे नोंदीचं काम एका वेगळ्या प्रोसीजरमध्ये एकदाच लिहून ठेवता येतं.

```
बिगिन कॅच
    इफ @@ट्रानकाउंट > ० रोलबॅक ट्रान;
    एक्झेक डीबीओ.एरर_नोंद;
    थ्रो;
एंड कॅच
```

क्रम बदलू नका. नोंद आधी आणि रोलबॅक नंतर केलं तर, ट्रान्झॅक्शन निकालात निघालं असेल तेव्हा नोंद होतच नाही, आणि निघालं नसेल तेव्हा झालेली नोंद रोलबॅकबरोबर पुसली जाते. नोंदीच्या टेबलात वेळ, लॉगिन, क्रमांक, मेसेज, प्रोसीजर आणि ओळ तर हवीतच, शिवाय प्रोसीजरला आलेले पॅरामीटर एका कॉलममध्ये जोडून ठेवा. '५४७, ओळ १४' एवढ्यावरून काही कळत नाही. कुठलं खातं, किती रक्कम हे कळलं तर अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं. पिन, पासवर्ड, आधार क्रमांक असलं काही त्यात जाऊ देऊ नका, नोंदीचं टेबल बघायचा अधिकार सहसा बऱ्याच जणांना असतो.

नोंद करणारी प्रोसीजरच कोसळली तर? टेबलाची जागा संपली, कुणी कॉलम बदलला, असं होतं. तेव्हा तिच्या आत स्वतःचा ट्राय-कॅच ठेवा आणि तो कॅच रिकामा राहू द्या. रिकाम्या कॅचला माफी आहे अशी ही एकच जागा, कारण नोंद हुकली तरी मूळ एरर पुढे जाणं जास्त गरजेचं.

काही एररचं भाषांतर करून पाठवणं सोयीचं असतं. एकाच वेळी दोघांनी तोच सभासद क्रमांक नोंदवला तर २६२७ येते, कन्स्ट्रेंटऐवजी नुसता युनिक इंडेक्स असेल तर २६०१. काउंटरवरच्या माणसाला तो इंग्रजी मेसेज देऊन उपयोग नाही:

```
    इफ एरर_नंबर() इन (२६२७, २६०१)
        थ्रो ५०१०५, एन'हा सभासद क्रमांक आधीच दिलेला आहे.', १;
    थ्रो;
```

अशा भाषांतराची यादी छोटी ठेवा. प्रत्येक एररला गोड मराठी मेसेज लावत बसलात तर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' छापाचा मजकूर उरतो, आणि खरं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

१२०५ म्हणजे डेडलॉक. दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकसाठी अडले आणि सर्व्हरने तुमचा बळी दिला. ती कॅचमध्ये येते, पण ट्रान्झॅक्शन गेलेलं असतं, त्यामुळे मधूनच पुढे चालू करता येत नाही. थ्रो करा, आणि ॲप्लिकेशनला थोडं थांबून संपूर्ण प्रोसीजर पुन्हा बोलावू द्या. दोन-तीनदा करूनही जमलं नाही तर मग वापरणाऱ्याला सांगावं.

पायरी ६: प्रोसीजरमधून प्रोसीजर

आतल्या प्रोसीजरने पुन्हा बिगिन ट्रान केलं म्हणून वेगळं ट्रान्झॅक्शन तयार होत नाही, फक्त @@ट्रानकाउंट एकाने वाढतो. आतल्या कमिटने तो एकाने कमी होतो, प्रत्यक्ष काही कमिट होत नाही. रोलबॅक मात्र थेट शून्यावर आणतं, बाहेरच्याचंही सगळं पुसून. नवख्यांना हे अन्यायाचं वाटतं, पण वरचा साचा दोन्हीकडे असेल तर अडत नाही. आतलीने रोलबॅक करून थ्रो केलं, बाहेरची कॅचमध्ये आली, तिला @@ट्रानकाउंट शून्य दिसला, रोलबॅक वगळलं, तिनेही थ्रो केलं. कितीही खोल गेलात तरी मूळ एरर जशीच्या तशी वर पोचते.

कधी एरर २६६ दिसली, म्हणजे प्रोसीजरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना @@ट्रानकाउंट वेगळा होता, तर आतल्या कुठल्यातरी प्रोसीजरने रोलबॅक केलंय आणि थ्रो केलेलं नाही, असं समजून शोध सुरू करा. बहुतेक वेळा तेच निघतं. दुसरी अडचण 'इन्सर्ट … एक्झेक' ची. एखाद्या प्रोसीजरचं आउटपुट असं थेट टेबलात भरताना तिच्या आत रोलबॅक चालत नाही, ३९१५ येते. शक्य असेल तर ती रचनाच टाळा.

जुन्या लोकांची 'रिटर्न -१' ची सवय अजून दिसते. रिटर्न कोड बोलावणाऱ्याने आठवणीने तपासला तरच उपयोगाचा. थ्रोकडे दुर्लक्ष करायला मुद्दाम कोड लिहावा लागतो, रिटर्न कोडकडे ते आपोआप होतं.

पायरी ७: कॅचला न कळणाऱ्या गोष्टी

टेबलाचं नाव चुकलं असेल तर प्रोसीजर तयार होताना सर्व्हर तक्रार करत नाही, चालताना २०८ देतो. ही एरर त्याच प्रोसीजरमधल्या कॅचला सापडत नाही. बाहेरून बोलावणाऱ्या प्रोसीजरच्या कॅचला सापडते. एक्सॅक्ट_अबॉर्ट चालू असेल तर ट्रान्झॅक्शन निदान मागे जातं.

त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे टाइमआउट. डॉटनेटमधून बोलावलेल्या कमांडला मुळात ३० सेकंद मिळतात. ती संपली की ॲप्लिकेशन सर्व्हरला 'थांब' म्हणून सांगतं. सर्व्हरच्या दृष्टीने ही एरर नाहीच, म्हणून कॅच चालत नाही, रोलबॅकची ओळ चालत नाही, नोंद होत नाही. एक्सॅक्ट_अबॉर्ट बंद असेल तर ट्रान्झॅक्शन लॉकसकट उघडं राहतं आणि त्या रांगांसाठी बाकीचे ताटकळतात. ट्राय-कॅच असताना एक्सॅक्ट_अबॉर्ट कशाला, असं विचारणाऱ्याला हे एक उत्तर पुरतं.

पायरी ८: तपासणी

साधा व्यवहार चालला म्हणून प्रोसीजर झाली असं नाही. रक्कम ऋण देऊन बघा, नल देऊन बघा, शिलकीपेक्षा जास्त द्या, देणारं खातं नसलेलं द्या, घेणारं खातं नसलेलं द्या. प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघायच्या: अपेक्षित क्रमांक आला का, दोन्ही शिलका जशाच्या तशा आहेत का, आणि 'सिलेक्ट @@ट्रानकाउंट' शून्य देतं का. मग बाहेर स्वतः बिगिन ट्रान करून आतून प्रोसीजर बोलवा आणि तेच सगळं पुन्हा.

टाइमआउटची चाचणी करायला ॲप्लिकेशन लागत नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत दोन क्वेरी खिडक्या उघडा. पहिलीत बिगिन ट्रान करून खाते १०१ वर कुठलंही अपडेट चालवा आणि कमिट न करता तसंच सोडा. दुसरीत १०१ मधून पैसे वळते करणारी प्रोसीजर चालवा. ती पहिलीच्या लॉकवर अडून बसेल. आता दुसरीतलं लाल चौकोनाचं थांबवायचं बटण दाबा, सर्व्हरला टाइमआउटच्या वेळी जातो तोच संदेश जातो. त्याच खिडकीत @@ट्रानकाउंट विचारा, शून्य आलं पाहिजे. मग प्रोसीजरमधली एक्सॅक्ट_अबॉर्टची सेटिंग काढून हेच पुन्हा करा, १ दिसेल. सेटिंग परत लावा, आणि दोन्ही खिडक्यांत रोलबॅक करून मगच त्या बंद करा.